अकरा नावांची यादी

आमच्या गावात काहीही सांगायचं झालं की ते ग्रुपवर टाकतात. रेशनचं धान्य आलं, उद्या दिवसभर लाइन राहणार नाही, अमक्याची म्हैस सुटली आहे, नळ आज वरच्या बाजूला येईल. आमचं गाव म्हणतो खरा, पण मी मूळचा चिखलीचा. वडील तिथे कचेरीत कारकून होते. अमडापूरच्या पुढे आत वळलं की हे गाव लागतं. इथल्या उपकेंद्रावर आरोग्यसेवक म्हणून येऊन मला नऊ वर्षं झाली. पहिल्याच वर्षी लोकांनी मला ग्रुपमध्ये घेतलं आणि मला ते फार आवडलं होतं. आपल्याला गावाने आपलं मानलं, असं वाटलं.

त्या ग्रुपवर मी एकदा एक यादी टाकली. तिच्याविषयी लिहायचं बरेच दिवस टाळत आलो.

आधी मिरगीच्या गोळ्या गावात मिळत नव्हत्या. मिरगी म्हणजे फिटचा आजार. ज्यांना तो होता ते सकाळी जीपने चिखली गाठायचे, तिथून बस धरून बुलढाण्याला जायचे, ओळीत उभे राहायचे, पंधरा दिवसांच्या गोळ्या घ्यायचे आणि दिवे लागायच्या वेळेला घरी परतायचे. त्या दिवसाची मजुरी जायची. सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत कोण जाणार? गोळ्या संपायच्या आणि संपल्यावर आठ-दहा दिवसांत कुणीतरी बांधावर नाहीतर हापशीवर पडायचं. मग भोवती गर्दी. कुणी कांदा फोडून नाकाशी धरायचं, कुणी चप्पल. या आजारात गोळी एकाएकी बंद करणं हे मुळीच न घेण्यापेक्षाही वाईट ठरू शकतं. मी हे घरोघर सांगत फिरायचो आणि लोक मान डोलवायचे. साहेब, पटते, पण जायचं कवा?

मी अर्ज केले. तालुक्याच्या मीटिंगला प्रत्येक वेळी उभा राहून तोच विषय काढायचो. शेजारच्या उपकेंद्राचा आरोग्यसेवक माझ्या पाठीमागे हळूच म्हणायचा, "झाली याची मिरगी सुरू." वर्षभराने मंजुरी आली. महिन्याच्या गोळ्या उपकेंद्रावर मिळणार, दर तीन महिन्यांनी डॉक्टर येऊन तपासणार. त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं की नोकरीत एक तरी काम मनासारखं झालं. ते खरंही होतं. पुढे जे झालं त्यामुळे हे खोटं ठरत नाही, एवढं तरी मला स्वतःशी म्हणायचं असतं.

गोळ्या नेणाऱ्यांत एक बाई होती. वय पस्तिशीच्या आसपास, नवरा गेलेला, मुलगी आठवीत. विहाराजवळच्या बौद्ध वस्तीत राहायची आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची. मुलं तिला मावशी म्हणत. ते काम तिला सहज मिळालं नव्हतं. तिच्या हातचं पोरांनी खायचं का, अशी कुजबुज सुरुवातीला झाली होती. उघड बोलायची सोय राहिलेली नाही, म्हणून लोक तांदळात खडे निघाले, मीठ जास्त झालं, अशा तक्रारी करायचे. ती तांदूळ दोनदा निवडायला लागली. हळूहळू तक्रारी थांबल्या. चौथीतली एक मुलगी घरून डबा न आणता मुद्दाम तिची खिचडी खायची, असं गुरुजींनीच मला सांगितलं होतं.

ती कधी ओळीत उभी राहिली नाही. शाळेची भांडी घासून झाली, दुपारी उपकेंद्रावर सामसूम झाली की मागच्या दाराने यायची. मी गोळ्यांची पाकिटं काढून द्यायचो. ती तिथेच बसून एकेक गोळी फोडायची, मिश्रीच्या डबीत भरायची आणि पाकिटाचा कागद मला परत द्यायची. मला वाटायचं, काटकसरी बाई आहे, डबी वापरते. मिश्रीच्या डबीला दुसरं कुणी हात लावत नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. अडीच वर्षांत तिला एकही झटका आला नव्हता. माझ्या वहीत तसं लिहिलेलं होतं, दर महिन्याला, माझ्याच अक्षरात.

मग डॉक्टरांचं शिबिर ठरलं. त्याच्या आधीच्या महिन्यात शुगर आणि बीपीचं शिबिर झालं होतं. तेव्हा मी रुग्णांची नावं ग्रुपवर टाकली होती आणि झाडून सगळे आले होते. एका म्हाताऱ्याचं नाव राहिलं तर तो भांडायला आला, माह्यी शुगर काय कमी आहे का म्हणून. त्याच सवयीने मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून ही यादी केली. वर लिहिलं, मिरगीच्या खालील रुग्णांनी बुधवारी तपासणीस येऊन गोळ्या घेऊन जाव्यात. खाली अकरा नावं. प्रत्येक नावापुढे वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि वस्ती, म्हणजे घोटाळा नको. तिचं नाव सातवं होतं. पाठवलं आणि फोन खिशात टाकून जेवायला गेलो.

सगळ्यांत आधी आमची आशाताई धावत आली. ती याच गावची सून, दहा घरांची माहिती तिला माझ्यापेक्षा जास्त. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "सर, हे काय केलं तुमी? काढा ते."

मी विचारलं, काय झालं?

"काढा आधी, मंग सांगतो."

मी काढलं. तोवर अर्धा तास झाला होता. आमच्या ग्रुपमध्ये गावातली जवळजवळ सगळी घरं आहेत, शिवाय पुण्याला नि सुरतेला गेलेली मुलंही. कुणी त्याचा फोटो काढून दुसऱ्या ग्रुपवर टाकला होता. आशाताईने मला एकेक नाव घेऊन समजावलं. या पोरीची सोयरीक ठरून राहिली आहे. हा ट्रॅक्टर चालवतो, मालकाला माहीत नाही. ही खिचडीवाली. मी तिचं ऐकत होतो आणि मनात तिच्यावरच चिडत होतो. आजार काय गुन्हा आहे का, लपवल्यानेच तर अंधश्रद्धा वाढते, असं काहीतरी मी बोललोही. ती म्हणाली, "बरोबर आहे सर तुमचं. तुमच्या घरातलं नाव नाही ना त्यात."

बुधवारी मंडप टाकला होता. वर मोठा फलक, मिरगी रुग्ण तपासणी शिबिर. समोरच चावडी, पानठेला, बसायला पार. अकरापैकी चौघे आले. डॉक्टर म्हणाले, प्रतिसाद कमी दिसतो. मी म्हणालो, कामाचे दिवस आहेत साहेब. ती आली नाही. दुपारी मागचं दार मी उघडं ठेवलं होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मला बोलावणं आलं. वर्गात गुरुजी, शाळा समितीचे अध्यक्ष आणि पाच-सहा पालक बसले होते. ती दाराजवळ उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं, आणि मीही म्हटलं नाही. मला मात्र खुर्ची दिली.

अध्यक्ष वाईट माणूस नव्हता. म्हणजे मी तेव्हाही त्याला वाईट म्हणू शकत नव्हतो. त्याने नीट विचारलं की कढईजवळ असताना हिला झटका आला तर काय, बाजूला पोरं ताटं घेऊन उभी असतात. मी सांगितलं, गोळी नियमित असली की बहुतेकांना झटका येत नाही, हिला अडीच वर्षांत आलेला नाही. एक पालक म्हणाला, बहुतेकांना येत नाही म्हणजे हिला येणारच नाही असं तर नाही ना. मी म्हणालो, तशी खात्री कुणाचीच देता येत नाही. हे शास्त्राला धरून होतं. त्या खोलीत ते कसं ऐकू गेलं असेल, याचा मी विचार केला नाही.

गुरुजी तिच्या बाजूने होते, पण ते बदलीच्या यादीत होते आणि त्यांना भानगड नको होती. त्यांनी सुचवलं की कढई उतरवायला दुसरी बाई देऊ, ही निवडायचं-धुवायचं करील. अध्यक्ष म्हणाला, "गुरुजी, मंग दोघीले पगार कोन देईन? साहेब, तुमी द्या ना लिहून. बाईले काही होणार नाही म्हणून. विषय संपला."

मी म्हणालो, असं लिहायचा अधिकार मला नाही, डॉक्टरांना आहे. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, असं कोण लिहून देईल, आणि तुम्ही कशाला त्यात पडता? मी फोन ठेवून सगळ्यांना सांगितलं की डॉक्टर नाही म्हणतात.

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. माझ्याकडे बघून, अगदी सावकाश.

"भाऊ, होणार नाही असं नका लिहू. झालं नाही असं लिहा. तुमच्या वहीत आहे ना लिहिलेलं? ते वही दाखवा ह्यायले."

मी आजवर अनेक हुशार माणसं पाहिली, पण त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यांत सरळ वाक्य तिचं होतं. वही उपकेंद्रात होती, शाळेपासून शंभर पावलांवर. मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "ताई, ते रजिस्टर सरकारी आहे. रुग्णाची माहिती अशी कोनाले दाखवता येत नाही."

ती हसली. "वहीतली दाखवता येत नाही," ती म्हणाली. "ग्रुपवरची येते."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. एवढं झाल्यावर तरी मी उठायला हवं होतं. खिशात पेन होतं. अडीच वर्षं गोळ्या नियमित, झटका नाही, एवढंच लिहायचं होतं, आणि ते खरं होतं. मी लिहिलं नाही. नियमाचं कारण मी पुढे केलं, पण खरं कारण हे की मला भीती वाटत होती. कढई मला दिसत होती, पोरं दिसत होती, आणि उद्या काही झालं तर खाली सही कुणाची, हेही दिसत होतं. आजाराला घाबरू नका म्हणून इतकी वर्षं गावभर सांगणारा मी, त्या वर्गात इतरांपेक्षा तसूभरही कमी घाबरलेला नव्हतो.

सोमवारपासून दुसरी बाई आली. ती अध्यक्षांच्या भावकीतली होती. खिचडीबद्दल नंतर कुणाची तक्रार आली नाही. काही लोकांना कारण आधीपासूनच हवं होतं आणि ते मी त्यांच्या हातात दिलं, तेही नाव-वस्तीसकट. दुसऱ्या बाईच्या हाताखाली निवडण्या-धुण्याचं कामही तिला मिळालं नाही. ती वेचणीला जाऊ लागली.

गोळ्या न्यायला ती पुन्हा आली नाही.

आधी मी आशाताईला पाठवलं. ती परत येऊन म्हणाली, ते म्हनते मले काय झालं, मले काही नाही. मला कळेना. मग आशाताईनेच उलगडून सांगितलं. उपकेंद्राच्या पायरीवर दिसली की लोक म्हणणार, आहेच हिला. दिसलीच नाही तर चार-सहा महिन्यांत विसरतील, शाळेत पुन्हा विचारता येईल. तिला तिचं काम परत हवं होतं आणि त्यासाठी तिला आजार नाही असं दिसायला हवं होतं. मी म्हणालो, पण तिच्या डबीतल्या गोळ्या संपल्या असतील. आशाताई म्हणाली, "संपल्याच असतीन. दिवस मोजा."

मग मी आणखी एक शहाणपणा केला. स्वतः गोळ्या घेऊन तिच्या घरी गेलो. भर दुपारी, मोटरसायकलवर, गळ्यात ओळखपत्र. विहाराच्या कट्ट्यावर माणसं बसली होती. शेजारच्या बाया दारात आल्या. ती घरात होती. मुलीला बाहेर पाठवून तिने सांगायला लावलं, आई घरी नाही. मुलगी खाली बघत ते बोलली आणि तिने माझ्या हातातल्या पिशवीकडे एकदा पाहिलं. मी पिशवी पुढे केली. तिने हात मागे घेतले.

पंधरा-वीस दिवसांनी ती घरीच चुलीजवळ पडली. भाकरी टाकत होती. डावा हात मनगटापर्यंत तव्यावर. मुलीने ओढून बाजूला केलं. मला हे चार दिवसांनी कळलं, तेही पानठेल्यावर, एक जण दुसऱ्याला सांगत असताना. "बरं झालं शाळेत नाही झालं," तो म्हणाला. अध्यक्षाने मला रस्त्यात थांबवून तेच ऐकवलं, सांगत नव्हतो का म्हणून. गोळी बंद झाली म्हणून झटका आला, आणि गोळी बंद का झाली, हे मी त्याला सांगू शकलो असतो. पण ते सांगताना सुरुवात माझ्यापासून करावी लागली असती. मी हो म्हणून मोटरसायकल सुरू केली.

त्यानंतर ती मला एकदाच भेटली. मेहकरला आमची एक मीटिंग होती, तिथल्या सरकारी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. मी चिखलीहून बसने गेलो. खाली केसपेपरच्या खिडकीशी ओळ होती आणि त्या ओळीत ती होती. डाव्या हातावरून पदर घेतलेला. खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं. तिने दुसरंच नाव सांगितलं. गाव विचारलं, तर माहेरचं सांगितलं. आधी कुठे उपचार? कुठंच नाही, ती म्हणाली.

मी तिथेच थांबलो. आमच्या गावाहून मेहकर म्हणजे जीपने चिखली आणि पुढे तासा-दीड तासाची बस. चिखलीलाही दवाखाना आहे, पण चिखलीच्या बाजारात आमच्या गावचं कुणी ना कुणी असतंच. बुलढाण्यालाही तेच. म्हणून ती त्याही पलीकडे आली होती. पूर्वी जेवढं लांब जावं लागायचं त्याहून लांब. ते अंतर कमी करण्यासाठी मी वर्षभर अर्ज केले होते.

केसपेपर घेऊन ती बाकावर बसली. तिने मला पाहिलं होतं. मी जवळ गेलो. मला एकच काळजी होती. नवीन रुग्ण समजून डॉक्टर कमी मात्रेपासून सुरू करतील, आणि तिला ती पुरणार नाही. तिची मात्रा मला माहीत होती.

मी हळू आवाजात विचारलं, "ताई, डॉक्टरले मी सांगू का? तुमची गोळी किती होती ते."

तिने केसपेपर मांडीवर उलटा ठेवला.

"विचारून राह्यले?" ती म्हणाली. "या खेपेले विचारून राह्यले."

मग तिनेच सांगितलं.

"सकाळी एक, रातच्याले दोन. मले पाठ आहे. मी सांगीन."

"जुना कागद मागतील."

"जळाला म्हणीन. हातासंग." तिने पदर सारखा केला. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "तुमी जा भाऊ इथून. तुमाले ह्या बाजूचे लोकंबी ओळखतात. तुमी ज्या बाईजवळ उभे राह्यता, ते बाई कोन आहे हे विचारतात मंग."

तेवढ्यात खरंच कुणीतरी मागून हाक मारली, काय साहेब, इकडे कुठं? वळून पाहिलं तर अमडापूरच्या बाजाराला येणारा एक भुसार व्यापारी होता, तोंडओळखीचा. तिने मान फिरवली आणि केसपेपर वाचत असल्यासारखी बसली. मी त्याच्या खांद्यावर हात टाकला, तशी सलगी आमच्यात कधी नव्हती, आणि चहा घेऊ म्हणून त्याला फाटकाबाहेर घेऊन गेलो. वर मीटिंग सुरू झाली असेल. मी गेलो नाही.

चहाच्या टपरीवर तो सोयाबीनच्या भावाचं बोलत राहिला. मी दवाखान्याकडे पाठ करून बसलो होतो. दुपारची चिखलीची बस निघायची वेळ झाली तरी मी उठलो नाही. त्या बसमध्ये ती असणार होती आणि तीच बस माझीही होती. डॉक्टरांनी तिचं ऐकलं का, तिने हातात काय नेलं, पूर्ण मात्रा की अर्धी, हे मला आजही माहीत नाही. विचारायला जागा कुठेच उरलेली नाही, ना तिच्या दारात, ना आशाताईकडे; तिला विचारायचं तर मेहकरची भेट उघडी करावी लागेल.

व्यापाऱ्याने दुसरा चहा सांगितला. मग त्याला आठवलं.

"साहेब, ते बाई कोन होती? तुमच्या गावची वाटली."

"नाही," मी म्हणालो. "माहीत नाही कोन होती."

"तुमच्याशी बोलत होती ना."

"एक्स-रे कुठं काढतात विचारत होती," मी म्हणालो, आणि पुढची बस किती वाजता आहे ते टपरीवाल्याला विचारलं.